काळजीवाहू

चाळीस माणसांचा केक आणि खोलीत आम्ही दोघी. अडीच वाजून गेले तरी कॉफीचे कप बशीत उपडेच.

"सोइली, काप आता," इर्मेली मला म्हणाली. "क्रीम पातळ व्हायला लागलंय."

मी सुरीला हात लावला नाही. हेलसिंकीतल्या या मंत्रालयात इर्मेलीने एकोणचाळीस वर्षं शिपायाची नोकरी केली. फायली पोचवल्या, दारं उघडली, बैठकांना कॉफी दिली. आज तिचा शेवटचा दिवस, निरोपाची कॉफी दोनला ठरलेली, आणि नेमकं आजच सकाळी अकराला सरकार पडलं. चार पक्षांची मोट होती. त्यातला शेतकऱ्यांचा पक्ष पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, जाळण्यावरच्या करावरून रुसला आणि बाहेर पडला. सगळं ऑफिस टीव्हीपुढे जाऊन बसलं. आम्ही दोघींनी इथे एकत्र काम करताना किती सरकारं आलेली-गेलेली पाहिली, पण या लोकांनी दिवस निवडावा तर हाच!

केकचं मला काही नव्हतं. माझा जीव अडकला होता तो विधेयकात. इर्मेलीचा नवरा ओइवा चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजव्या बाजूने लुळा पडला. बुद्धी शाबूत, जीभ तर त्याहून. दिवसा शेजारीण त्याच्याकडे बघायची, ती आता मुलीकडे तुर्कूला चाललेली. पंचाण्णव किलोचा गडी, एकट्या बाईने उचलायचा तरी किती? घरच्या आजाऱ्याला घरीच सांभाळणाऱ्यांना रोज दोन वेळा सरकारी मदतनीस मिळावा, असं ते विधेयक होतं. येत्या मंगळवारी शेवटचं मतदान. ते झालं असतं तर ओइवा घरीच राहिला असता. नाहीतर हामिनाच्या एका शुश्रूषागृहात जागा होती, बसने दोन तास, आणि बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

तीनच्या सुमारास मंत्री आली. हेल्का तिचं नाव, वय सदतीस, चार पक्षांतल्या सगळ्यात छोट्या पक्षाची. विधेयक तिचंच. हे मी करूनच दाखवणार, असं तिने इर्मेलीला वसंतात तोंडावर सांगितलं होतं. आज तिच्या मागेपुढे कोणी नव्हतं. हातात तेवढी पदकाची डबी, इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दलची.

पदक लावायला म्हणून ती पुढे झाली. पिन काही अडकेना.

"आता आम्ही काळजीवाहू सरकार, इर्मेली," ती म्हणाली. "नवीन काही करता येत नाही आम्हाला. विधेयक मागे घेतलं. मघाशीच सही केली मी."

"कळलं मला."

"मी तुला शब्द दिला होता."

आणि बाई रडायलाच लागली. माझं डोकं फिरलं. रडायचं कोणी आणि रडतंय कोण! हिची संसदेतली खुर्ची तर उद्याही आहेच. पण इर्मेलीने तिच्या हातातलं पदक घेतलं, आपलं आपणच लावलं, तिला खुर्चीत बसवलं आणि कॉफी ओतून दिली.

"सकाळपासून पोटात काही नाही ना तुझ्या?" ती म्हणाली. "केक खा. तुझ्या एकटीच्या हातात नव्हतं ते."

हेल्काने दोन तुकडे खाल्ले. इर्मेलीने एकही नाही.

उरलेला केक घेऊन मी तिच्याबरोबर ट्रामने घरी गेले. ओइवाला आज काही बोलायचं नाही, शनिवार-रविवार जाऊ दे, असं तिने मला जिन्यात बजावलं. मी आपलं हो म्हटलं. पण दार उघडलं तर आत रेडिओ चालू, आणि ओइवा काही बहिरा नव्हता.

त्याने पदक निरखून पाहिलं, चांगलं दिसतंय म्हणाला. सरकारला दोन शिव्या हासडल्या. मग रेडिओ बंद केला.

"हामिनाला फोन केला मी," तो म्हणाला. "येतो म्हणून सांगितलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि वर्षभरात कंबर मोडून घेतली असतीस. मग आपल्या दोघांना उचलणार कोण, शेतकऱ्यांचा पक्ष?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. इर्मेली हसली नाही.

"निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना नोकरी सोडली मी, ओइवा," ती म्हणाली. "तुझ्याजवळ राहायला."

त्याने डावा हात पुढे केला, तिने तो धरला. मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन केक फ्रिजमध्ये ठेवला आणि तिथेच उभी राहिले. मला फार वाईट वाटत होतं.

हामिनाला धुणं सगळ्यांचं एकत्र होतं, तेव्हा प्रत्येक कपड्यावर नाव शिवून आणा, असं तिथल्या बाईने त्याला फोनवर सांगितलं होतं. इर्मेलीने कोटही काढला नाही. शिवणाची टोपली घेतली, पांढऱ्या फितीचे तुकडे केले आणि त्याचे लोकरी मोजे मांडीवर घेऊन बसली. मी पेन घेतलं. नुसतं ओइवा लिहू का, म्हणून मी विचारलं.

"आडनावही लिही," ती म्हणाली. "तिथे त्याला कोणी ओळखत नाही."