भिकुबाईने पेटी उपसली

आत.

सगळ्यांत खाली गोधडी. गोधडीच्या दोन घड्यांमध्ये बिबडे, ज्वारीचे कागदासारखे पातळ पापड, चुलतजाऊ कुंदाबाईने दिलेले. बोटीवरचे हमाल पेटी कशीही आपटोत, घडीतला बिबडा मोडायचा नाही, असं भिकुबाई म्हणाली. आणि खात्री करायला तिने भरलेली पेटी ओट्यावरून स्वतःच खाली ढकलून दिली. उघडून पाहिलं. एक मोडला होता. तो तिने खाल्ला आणि घडी बदलली.

अभिमन तिचा एकुलता एक. धरणगावच्या जीनमध्ये फिटर. आफ्रिकेत कापूस पिकू लागला होता, सरकी काढायची यंत्रं तिथे बसवायला माणूस हवा होता. त्याच्या शेठने तीन वर्षांच्या करारावर याला धाडायचं ठरवलं. १९२२ सालचा श्रावण. कुळदेवी कानबाईचा सण झाला की मंगळवारी गाडी, मग मुंबईहून आगबोट.

भिकुबाईने पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. तरी पेटी तिनेच भरायची, हे कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

आत.

शेठने दिलेले नवे बूट. बुटांच्या पोटात लसूण. पायाला लागलेला नाही तोवर बूट हे भांडंच, असं तिचं म्हणणं. अभिमन म्हणाला, साहेबासमोर उभा राहीन तेव्हा पायांना लसणाचा वास येईल. ती म्हणाली, येऊ दे, साहेब जेवायला काय आहे ते विचारेल.

तेलाची बाटली मिरच्यांच्या पिशवीत. फुटली तरी तेल मिरच्या पितील, वाया जाणार नाही. मिरच्या भाऊबंदांतल्या हिलालने आणलेल्या, मसाला आणि शेवया आणखी दोन घरांतून. आणि सगळ्यांत वर चुडामण आबांची घोंगडी. आबा भाऊबंदकीत सर्वांत वडील. आफ्रिकेत थंडी असते की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण घोंगडी त्यांच्या अंगावरची होती.

सून सुंदरबाई हे सगळं पाहत होती. तिला वाटलं, या बाईला पेटीत एक गाव बसवायला दिलं तर तेही बसेल, आणि विहिरीला पाणी राहील.

मूठ.

कानबाईच्या रोटासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. पाळण्यातल्याच्याही. त्याच गव्हाचा रोट, आणि तो फक्त कुळातल्यांनी खायचा. मूठ गळते ती मेलेल्याची.

शुक्रवारी आबांच्या अंगणात गहू मोजले. आबा नाव घेत, मूठ टोपलीत टाकत. नावं संपली, अभिमनचं आलं नाही.

"आबा, अभिमन ऱ्हायना," भिकुबाई म्हणाली.

आबांनी मान वर केली नाही. "दर्या वलांडस तो कुळमाईन जास. परत उना का मंग पाहू."

"हिलाल तुरुंगमा व्हता, तवय त्यानी मूठ तुम्हीनच टाकी ना?"

"तुरुंग आपला काठले शे."

कोणीतरी हसलं. हिलालच हसला असावा. भिकुबाई उठली, पदर झटकला आणि घरी आली. रडू आलं ते सुंदरबाईला. भिकुबाईने पेटी उघडली.

बाहेर.

घोंगडी. मिरच्या, आतली बाटली काढून. मसाला, शेवया. गोधडी उलगडून एकेक बिबडा, एकही न मोडता.

आधी कुंदाबाईचं दार. आवाज न चढवता भिकुबाईने सांगितलं, आबांच्या शब्दाप्रमाणे तो आता परका, परक्याच्या पेटीत कुळाचं अन्न मी कसं घालू? कुंदाबाई तळहातावर बिबडे घेऊन उंबऱ्यातच राहिली. डब्यात परत ठेवायला तिचा हात होईना. हिलालने मिरच्या घ्यायला नकार दिला. भिकुबाईने पिशवी त्याच्या पायरीवर ठेवली आणि पुढे निघाली.

मसाला एका घरी. शेवया दुसऱ्या घरी. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ती नुसती वस्तू ठेवायची आणि वळायची, जणू उसनं आणलेलं परत करते आहे.

घोंगडी घेऊन ती आबांच्या अंगणात पोचली तेव्हा तिच्या मागे कुंदाबाई होती, बिबडे अजून हातातच. तिच्या मागे हिलाल, खांद्यावर मिरच्या. आणखी दोघंतिघं. आपलीच वस्तू जवळ बाळगणं कोणालाच जमेना.

भिकुबाईने घोंगडी आबांपुढे ठेवली.

"मी ती तुना पोऱ्याले दिन्ही," आबा म्हणाले.

"मना पोऱ्या तुम्हना कोन शे, आबा?"

गव्हाची टोपली तिथेच होती, दळायला जायची होती. आबांनी घोंगडीवरून हात फिरवला. एका कोपऱ्याला नवा टाका होता, भिकुबाईने घातलेला. विरलेलं तिने आपणहून सांधलं होतं. टाका त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला.

"त्याले बलाव," ते म्हणाले.

अभिमन आला. आबांनी त्याला स्वतःच मूठ भरायला लावली. यंत्रांशी झटून रुंद झालेला तो पंजा. बोटांमधून दाणे सांडत होते. आबांनी वाकून ती मूठ नीट पाहिली, मग आपली मूठ तिच्याशेजारी धरली.

"पुढला साल तुना नावनी मीच टाकसू. केवढी शे ते मी पाही ठेवं."

अभिमनने मूठ टोपलीत सोडली, मग वरची पाव मूठ आबांनी आपल्या हाताने टाकली.

परत आत.

गोधडी, बिबडे, बूट, लसूण, तेल, मिरच्या, मसाला, शेवया, घोंगडी. कुंदाबाईने पहिल्यापेक्षा जास्त बिबडे आणले होते. मंगळवारी पहाटे भिकुबाईने पेटी पुन्हा ओट्यावरून ढकलली आणि उघडून पाहिली.

एक मोडला होता. तो तिने सुंदरबाईच्या हातावर ठेवला आणि पेटीला दोर बांधला.