कोगोला मिल्सचा डबा

"म्हणजे मास्तर, भाव पडल्यावर घ्यायचे की चढायला लागल्यावर? एक काय ते सांगून टाका."

खिडकीपलीकडे निवृत्त हवालदार ओगाला उभा होता. हा प्रश्न तो गेली चार वर्षं दर महिन्याला विचारत होता आणि अजून त्याने एकही शेअर घेतला नव्हता.

"हवालदारसाहेब, पाच वर्षं हात लावायची गरज पडणार नाही, असे पैसे आहेत का तुमच्याकडे?"

"पाच वर्षं? पाच वर्षांत मीच असेन का नाही, देवाला ठाऊक!"

"मग घेऊ नका."

"घ्या म्हणत नाही, विका म्हणत नाही. मग तुम्हाला इथं बसवलंय कशाला?"

रांगेतली माणसं हसली. ओबुराही हसला, पण त्याचे डोळे दाराकडे होते. आज गुरुवार. मासळीबाजार उठला की आसेंबोकरीण येणार, आणि आज तर ती येणारच येणार.

झाब्लोन ओबुरा तळ्याकाठच्या किसुमू शहरातल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात एकवीस वर्षं चौकशीच्या या खिडकीवर बसत होता. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. येणारी माणसं नाना तऱ्हेची, प्रश्न मात्र तेच सात-आठ. किती पैशांपासून सुरुवात करू? सगळे एकाच कंपनीत ठेवले तर चालतील का? भाव पडलाय, विकू? लाभांश कधी येतो? मी मेल्यावर हे कोणाला मिळणार? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "मास्तर, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असा ऑफिसचा नियम होता. ओबुराने तो एकवीस वर्षांत एकदाच मोडला होता, आणि तोही खोटं बोलून.

पेरेस अबिदा, आसेंबो गावची म्हणून सगळ्यांची आसेंबोकरीण, पहिल्यांदा या खिडकीशी आली तेव्हा तिने विचारलं होतं, "मी शेअर घेते, म्हणजे नक्की कोणाकडनं घेते? कंपनीकडनं?"

"नाही हो. तुमच्यासारखाच कोणीतरी विकत असतो. घेणाऱ्यासमोर विकणारा असल्याशिवाय सौदा होत नाही."

"तो का विकतो मग? चांगली वस्तू कोण विकेल?"

"कोणाला गरज असते, कोणाला कंटाळा येतो, कोणाला वाटतं आता भाव पडेल."

"म्हणजे दोघांतला एक येडा," असं म्हणून ती खळखळून हसली होती. तिने घेतले ते कोगोला मिल्सचे शेअर. दुसरं काही तिला पटलंच नाही. बँका तिला दिसत नव्हत्या, टेलिफोनच्या तारा कुठे जातात हे तिला कळत नव्हतं. कोगोलाचं मक्याचं पीठ मात्र रोज तिच्या चुलीवर उगाली होऊन रटरटत होतं. "लोक उगाली खायची सोडतील तेव्हा विकीन," असं ती म्हणायची, आणि तळ्याकाठची निम्मी वस्ती तिच्यासारखंच म्हणायची. ओबुराने तिला सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका वगैरे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मास्तर, मी मासे विकते. मला अंड्यांचं सांगू नका."

कोगोलाची वार्षिक सभा तर जत्राच असे. बाजारातल्या बायका वर्गणी काढून मिनीबस करायच्या, एकसारखे हिरवे झगे शिवून घ्यायच्या आणि गात गात जायच्या. अध्यक्ष आकडे वाचत असताना त्या मागे बसून डुलक्या काढत. जेवणाची पाकिटं आली की जाग्या होत. निघताना प्रत्येक भागधारकाला एक छत्री किंवा दोन किलो पीठ मिळे. एका वर्षी कंपनीने पिठाचे पत्र्याचे डबे वाटले, झाकणावर कणसाचं चित्र असलेले. विकून टाकले तर सभेला जाता येणार नाही, या एका भीतीने कितीतरी जणींनी भाव पडूनही कोगोला सोडली नाही.

तो पत्र्याचा डबा पुढे आसेंबोकरणीच्या आणि ओबुराच्या घरांत फिरू लागला. एका गुरुवारी ती त्यात वाळवलेली ओमेना भरून आणायची, बोटाएवढी चांदीसारखी मासळी. पुढच्या गुरुवारी डबा परत जायचा, पण रिकामा नाही. ओबुराची बायको त्यात कधी साखर, कधी चहापत्ती घालून द्यायची. आलेला डबा रिकामा परत धाडायचा नसतो, ही दोन्ही घरची रीत होती.

साडेतीन वर्षांपूर्वी ओबुराचा चुलतभाऊ ओल्वाल घरी आला होता. तो कोगोलाच्या फाटकावर ट्रक वजन करायच्या काट्यावर कामाला होता. जेवता जेवता सहज म्हणाला, "काटा गंजायची पाळी आलीय. अकरा दिवसांत मक्याचा एक ट्रक आला नाही. शेतकऱ्यांचे पैसेच दिले नाहीत, कोण घालेल माल?"

ओबुराचा घास हातातच राहिला. त्याच्याकडे कोगोलाचे सहा हजार शेअर होते. थोरल्या मुलीला, अनयांगोला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि फीची सगळी भिस्त त्यांच्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या त्याने आपले सहाच्या सहा हजार विकायला लावले. दुपारपर्यंत कोणी घेणारा मिळेना. आणि दोन वाजता आसेंबोकरीण खिडकीशी आली.

"मास्तर, भाव किती उतरलाय म्हणायचा! आता अजून घेतले तर मला सरासरी स्वस्त पडतील ना?"

"पडतील तर खरं."

"होडी विकलीय मी. हे गेल्यापासनं नुसती काठावर पडून होती, दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नव्हता. तिचे पैसे आहेत. तुम्ही सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

ओबुराला तिथेच गप्प बसता आलं असतं. नियम आहे, सांगता येत नाही, एवढं म्हणायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. पण समोरच्या पडद्यावर त्याचे सहा हजार तसेच लटकत होते, आणि कॉलेजात पैसे भरायची मुदत सोमवारी संपत होती. तो म्हणाला, "मी? मी घेतले असते."

त्याने स्वतःच्या बोटांनी तिची मागणी टाकली. पडद्यावरची ओळ एकदा लुकलुकली. त्या दिवशी कोगोलाचा तेवढा एकच सौदा झाला. सहा हजार गेले, सहा हजार आले.

चार महिन्यांनी गिरणीला टाळं लागलं. आणि आज सकाळी रेडिओवर कोर्टाने नेमलेल्या माणसाने सांगून टाकलं की बँकांची देणी भागल्यावर भागधारकांसाठी काहीही उरत नाही.

या साडेतीन वर्षांत आसेंबोकरीण एकदाही रागावून आली नव्हती, हेच ओबुराला सोसवत नव्हतं. "तुम्ही तरी काय करणार मास्तर, तुमचेही बुडलेच असतील," असं ती म्हणायची, आणि तो मान खाली घालायचा. ती त्या मान खाली घालण्याला होकार समजायची. दर पंधरवड्याला डबा यायचा. ताटात ओमेना आली की त्याला घास गिळवत नसे. बायको म्हणे, "मीठ जास्त झालंय का?" तो म्हणे, "नाही, चांगलं आहे." खाई त्याला खवखवे म्हणतात, ते त्याच्या घशाने शब्दशः खरं केलं होतं.

साडेतीनला ती आली. हवालदार ओगाला अजून बाकावर बसून पंख्याचा वारा खात होता, बाकी रांग ओसरली होती. ती खिडकीशी आली आणि नेहमीसारखं आधी विचारलं, "लेक कशी आहे?"

"बरी आहे. रात्रपाळी चालू आहे तिची."

"ऐकलंत ना सकाळी?"

"ऐकलं."

"आमच्या बाजारात तर सुतकच पडलंय. ती अलेगोकरीण हिरवा झगा घालून बसलीय दुकानात, म्हणते शेवटची सभा आहे." ती हसली, पण हसू पुरं झालं नाही. "जाऊ दे. मी रडायला नाही आले. एक विचारायचंय. तुम्हीच शिकवलंत, घेणाऱ्यासमोर विकणारा असतो. त्या दिवशी मी होडीचे पैसे घातले, तेव्हा माझ्यासमोर कोण होतं?"

ओबुराने काउंटरवरचे कागद सारखे केले. "ते कळत नाही ग्राहकाला. आमच्या चिठ्ठीवर समोरच्याचं नाव नसतं."

"नाव घेऊन मला काय त्याची पूजा बांधायचीय? एवढंच कळू दे, त्याला गरज होती का त्याला ठाऊक होतं. गरज असली तर बरं. मग मी म्हणीन, यांची होडी कोणाच्यातरी कामी आली. रात्री झोप लागेल मला. पण ठाऊक असून त्यानं माझ्या गळ्यात मारले असतील तर…"

"गरज होती," ओबुरा म्हणाला.

ते त्याच्या तोंडातून इतक्या चटकन निघालं की त्यालाच नवल वाटलं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचा चेहरा सैल झाला. "असं?" ती म्हणाली. "कोणी आजारी होतं?"

"फी भरायची होती. पोरीची."

"मग ठीक आहे. शिकली का पोर?"

"शिकली."

"झालं तर मग." तिने काउंटरवर तळहात टेकवून एक मोठा श्वास सोडला. विषय मिटला होता. ओबुराने एवढ्यावर थांबायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण तिच्या अंगठ्यावरचा व्रण त्याला दिसला. मासे चिरताना कापलं होतं, अनयांगोनेच हॉस्पिटलात टाके घातले होते. त्या हाताने ही बाई आता त्याला माफ करून निघाली होती, आणि कोणाला माफ केलं हेही तिला माहीत नव्हतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

"ठाऊकही होतं," तो म्हणाला.

"आं?"

"त्याला गरज होती, आणि ठाऊकही होतं. फाटकावर ट्रक येत नव्हते. त्याच्या चुलतभावानं सांगितलं होतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आसेंबोकरीण, तो मीच होतो."

बाकावर ओगालाने टोपी काढून मांडीवर ठेवली. ओबुराला वाटलं होतं, ती ओरडेल, सारा बाजार गोळा करील. त्याची तयारीही होती, नोकरी गेली तरी सुटलो असं झालं असतं. तिने फक्त आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"टाके चांगले घातले होते तिनं," ती म्हणाली. "दुखलंसुद्धा नाही. तिला हे माहीतय?"

"नाही. बायकोलाही नाही."

"सांगू नकोस तिला. माणसांच्या अंगाला हात लावावा लागतो तिला, तिचा हात थरथरायला नको." मग ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. तुझं तोंड बघून विचारलं होतं."

"तुम्ही साहेबांकडे तक्रार करा. मी खरं ते सांगेन. पैसेही थोडे थोडे करून…"

"पैसे ठेव तुझ्याकडे. होडी गेली ती गेली. मी दिवसभर दुसऱ्याच्या होडीची वाट बघत काठावर बसते, त्याचे हप्ते कसे करशील तू?" तिने हात पुढे केला. "माझा डबा दे."

डबा काउंटरखाली होता. सकाळी बायकोने काठोकाठ साखर भरून झाकण घट्ट बसवून दिला होता. ओबुराने तो दोन्ही हातांनी खिडकीतून पुढे सरकवला. झाकणावरचं कणीस पार झिजून गेलं होतं.

आसेंबोकरणीने झाकण उघडलं. काउंटरवर खातं उघडायच्या कोऱ्या अर्जांची चळत होती. तिने वरचा एक अर्ज सरळ पसरला आणि डबा त्याच्यावर हळूहळू उपडा केला. एक दाणासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. मग डब्याच्या बुडाला दोनदा टिचकी मारली, कमरेला गुंडाळलेल्या कापडाने आतून पुसला, झाकण लावलं आणि रिकामा डबा काखेत मारून ती चालू लागली. दाराशी ओगाला उठून उभा राहिला होता, त्याने तिला वाट करून दिली आणि तिच्या मागोमाग तोही गेला. आज जाताना त्याने मास्तरांना हाक मारली नाही.

ओबुरा साखरेच्या ढिगाकडे बघत बसला. थोड्या वेळाने एक तरुण बाई आत आली, पाठीवर मूल बांधलेलं, हातात बँकेचं पासबुक. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीशी येऊन विचारलं, "प्रश्न विचारायची खिडकी हीच ना?"

"हीच," ओबुरा म्हणाला, आणि अर्जाची चारी टोकं उचलून साखर आपल्याकडे ओढून घेतली.