कादरमियाँची मिलावट

आमचे हे, कादरमियाँ, जवळा बाजार ह्या गावात अत्तर गाळतात. ‘इथे मिलावट होत नाही’ ही दुकानावरची पाटी रोज पुसून चकचकीत ठेवतात. ह्या इमानापायी आमच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि रुबाब जास्त!

वैशाखात तांड्यावरची बेबीबाई टोपलं घेऊन आली. टोपल्यात लावणीसाठी ठेवलेलं हळदीचं बेणं, त्यावर पांढरी बुरशी. तिच्या नवऱ्याने, भीमसिंगने, यंदा पहिल्यांदाच शेताची एक पट्टी तिच्या हवाली केली होती.

“बेनं सडलं तर तो सोयाबीन पेरंल,” ती म्हणाली. “मंग माझं कोनी ऐकायचं न्हाई. कादरभाई, ओव्याच्या तेलानं बुरशी मरती म्हनतात. द्या थोडं.”

ह्यांना कोण आनंद झाला! पोटदुखीसाठी गाळलेलं अस्सल तेल काढलं आणि नवरदेवाला हळद लावावी तसं बेण्याला चोळलं.

दोन-चार दिवसांत बेबीबाई परत आली. बुरशी मेली होती, पण निखळ तेलाने बेण्याचे डोळेही करपले होते. आता कोंब फुटणार कुठून?

“बाकीचं बेनं घरी हाय,” ती म्हणाली. “त्याला तेल पान्यात मिसळून द्या ना.”

“मिलावट? माझ्या हातानं? न्हाई!”

माझं डोकंच फिरलं. “अजी, तिचं बेनं जाळून तुमची इज्जत ऱ्हाती व्हय?”

बेबीबाईचे डोळे भरून आले होते. ह्यांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने पाण्याची बादली ओढली. थेंब थेंब तेल टाकलं. ते वरच तरंगत राहिलं.

“बघा, तेलाला बी मंजूर न्हाई!”

“रिठे हायत का घरात?” बेबीबाईने मला विचारलं. “आरसे लावलेल्या घागऱ्याचा तेलकटपना मी त्यानंच काढते.”

रिठ्याचं पाणी घालून घुसळलं, तसं सगळं दुधासारखं एकजीव झालं. बाकीचं बेणं त्यात बुडवून तिने सावलीत वाळवलं.

पाऊस लागल्यावर ती आली ती भीमसिंगला घेऊनच. तिने हिरवा कोंब फुटलेलं बेणं ह्यांच्या हातात ठेवलं. ह्यांनी सवयीने आधी ते हुंगलं.

“दुसरी पट्टी बी हिलाच दिली,” भीमसिंग मान खाजवत म्हणाला. “तिथल्या बेन्यासाठी तेल द्या, कादरभाई.”

मला हसूही आलं आणि डोळेही ओले झाले. आमचे हे उठले, खडू घेतला आणि पाटीवरच्या ओळीखाली लिहिलं, ‘हळदीसाठी करून मिळेल.’