शून्य वर्षांची चंद्रकांता

"काका, बाळ किती दिवसांचं होतं?" स्टेफीने वहीवर पेन टेकवत विचारलं.

दिवाकर केळीला पाणी सोडून नुकताच ओटीवर आला होता. "कुठलं बाळ, बाय?"

"चंद्रकांता. वय शून्य. पालक म्हणून तुमचं नाव आहे."

दिवाकरने वहीत डोकावून पाहिलं. चंद्रकांता त्याची बायको. दीड महिन्यापूर्वी, एकसष्टाव्या वर्षी गेली.

स्टेफी आरोग्यसेविका. तिचाही चेहरा उतरलेला. यादीत दीड महिन्यात सतरा तान्ही बाळं गेलेली. नंदाखाल गावापासून ती घरोघर फिरत होती आणि प्रत्येक घरात हार घातलेला फोटो मात्र म्हाताऱ्या माणसाचा. "मला भीतीच वाटायला लागली, काका. आता बाळाच्या आईला तपासायचंय. कुठेत त्या?"

दिवाकरने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

आता चूक कुणाची म्हणायची? त्याचीच. वाडीच्या स्मशान समितीत तीस वर्षं कारकुनी केली, आकडे कायम मराठीत. बायको मास्तरीण, तिचाच तो हट्ट. नवा संगणक आला म्हणून खोड जाते थोडीच! पडद्यावर ६१ झोकात दिसायचे. पण त्या मेल्या यंत्राला इंग्रजी आकड्यांपलीकडे काही कळत नव्हतं. पोटात गेलं की सगळ्यांचं शून्य. आणि वय शून्य असलं की नोंद देणारा आपोआप पालक.

"पाचला यादी बंद होते, काका. मग कायमचं तसंच राहील."

समितीच्या खोलीत बसून त्याने सोळा जणांची वयं भराभर दुरुस्त केली. सतराव्या नावावर हात अडला. चंद्रकांता, वय शून्य, पालक दिवाकर. छत्तीस वर्षांच्या संसारात किती देव केले, किती डॉक्टर केले, घरात पाळणा हलला नाही. आणि इथे, कागदोपत्री का होईना, तो बाप झाला होता. त्याला ती ओळ आवडली. आवडली याची लाजही वाटली. पुसवेना. पण मग तिची एकसष्ट वर्षं? शाळेतली, बागेतली, त्याच्याशी भांडण्यातली? ती कुठे जायची?

पाचला दोन मिनिटं कमी असताना त्याने इंग्रजीत 61 दाबलं. पालकाची ओळ गेली. तिथे नुसतं 'पती' उमटलं.

"झालं, काका?" स्टेफीने दारातून विचारलं.

"झालं. लिही बाय, आमच्या घरी मूल गेलं नाही." त्याने संगणक बंद केला. "झालंच नव्हतं."

स्टेफीने यादीतलं शेवटचं नाव खोडलं.