शालूआडचा श्वास

चैत्राचं ऊन स्टुडिओच्या काचेच्या छपरातून उतरत होतं; शुभ्र, संथ, निर्विकार. त्या उन्हात सगळं दिसत होतं. एक द्वारका तेवढी दिसायची नव्हती.

द्वारका अठरा वर्षांची. कोरं कपाळ, केशहीन मस्तकावर विधवेचं तांबडं आलवण. मांडीवर चौदा महिन्यांचा मुकुंद, दिवंगत पित्याचा एकुलता अंकुर. छबी त्याची काढायची होती, आणि आईवाचून तो क्षणभर स्वस्थ बसत नव्हता.

“मूल हललं की चेहरा पुसला जातो,” फोटोग्राफर म्हणाला. “चार श्वास स्थिर हवं.”

“मग हिच्याच मांडीवर राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “पण हिला झाका. वंशाच्या छबीत आलवण नको.”

सोबत आणलेल्या पेटीतून शालू निघाला. तिच्याच लग्नातला, हिरवा, जरीकाठी. ज्याला शिवायची तिला बंदी होती, तोच तिच्या मस्तकावरून पावलांपर्यंत ओघळला. सून झाकली गेली, खुर्ची उरली. धर्मही राहिला, कामही भागलं. माणसं मोठी हुशार.

फोटोग्राफरही काळ्या कापडाखाली शिरला. एक कापड पाहण्यासाठी, एक न दिसण्यासाठी. मुकुंद रडू लागला, तेव्हा शालूतून कुजबुज आली, “इथंच आहे रे मी.” तो शांत झाला.

त्याच श्रावणात द्वारका तापानं गेली. तिची दुसरी छबी नव्हती.

साठ वर्षं मुकुंदराव ती तसबीर आपली आणि एका खुर्चीची समजत होते. मग अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाई एकदा बोलून गेल्या, “खुर्ची कसली? तुझी आई ती.”

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कापडाआड त्यांना कुणीतरी असल्यासारखं वाटू लागलं. दोरीवरचं धोतर, गादीवरची चादर, देव्हाऱ्याचा पडदा. त्यांना आईचा चेहरा हवा होता, एकदाच, मरण्याआधी.

तसबीर घेऊन ते त्याच स्टुडिओत गेले. फोटोग्राफरची नात सुमित्रा भिंगातून बराच वेळ पाहत राहिली. बाळ स्वच्छ. काठाखाली दोन बोटं. बाकी हिरव्याचा झालेला काळोख.

“काका, चेहरा नाही मिळायचा,” ती म्हणाली. “आणि इथं छातीपाशी शालू हललाय, पुसट आलाय. ब्रशनं नीट करून देऊ?”

मुकुंदरावांनी भिंगात पाहिलं. बाळ हललं नव्हतं. खुर्चीनं श्वास घेतला होता.

“राहू दे,” ते कसेबसे म्हणाले. “तेवढंच मोठं करून दे.”

आता भिंतीवर, ताज्या हारात, एक पुसट काळोख आहे. त्याच्यासमोर, उतरत्या उन्हात, एक म्हातारा मुलगा बसतो. चार श्वास बसतो. आणि हलत नाही, जराही हलत नाही.