आठवी सर्व्हिस

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्याच दिवशी मुख्याध्यापक पुंडलिकराव लोहकरे यांनी नंदिनी ताकसांडेला बोलावून घेतलं आणि सभागृहाची किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"बॅडमिंटन पुन्हा सुरू करा, मॅडम. आठवी-नववीची पोरं मागं लागून राह्यली. पावणेदोन वर्षं झाली आता."

नंदिनीनं किल्ली उचलली. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

नालवाडीच्या पुढे, शेतं सुरू होतात तिथं ही शाळा आहे. नंदिनी तिथं अकरा वर्षं खेळाची शिक्षिका. पावणेदोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तिच्याच वर्गात नववीतली काजल थूल सर्व्हिस मारता मारता खाली कोसळली. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. पोरीच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. शाळेनं चौकशी केली. गावातल्या चार माणसांनी येऊन नंदिनीलाच धीर दिला. काजलची आई पंचफुला याच शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. सव्वा महिन्यानं ती परत कामावर आली आणि चूल पेटवून बसली. तिनंही नंदिनीला शब्दानं दुखावलं नाही.

पण नंदिनीला माहीत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी प्रत्येकाला दहा सर्व्हिस मारायच्या होत्या. काजलच्या सात झाल्या. ती थांबली, रॅकेट गुडघ्याला टेकवली आणि म्हणाली, "मॅडम, थोडं बसू का?" नंदिनी दुसऱ्या कोर्टावर नेट बांधत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आधी दहा पूर्ण कर, मग बस."

आठवी सर्व्हिस नेटमध्ये अडकली. नववी झालीच नाही.

नवा वर्ग सुरू झाला तेव्हा सभागृहात बारा मुलं होती. नंदिनीनं त्यांना रॅकेट धरायला शिकवलं. "पाहुण्याशी हात मिळवतो ना, तसा मुठीशी मिळवा. आवळू नका." मग पाय कुठं ठेवायचा, फूल कमरेखाली कसं सोडायचं, मनगट कधी फिरवायचं ते दाखवलं. पोरं शटलला फूलच म्हणत. शिकवताना ती बरी असे. पण सर्व्हिस मोजायची वेळ आली की तिच्या कानात काहीतरी बसायचं. पाच, सहा, सात. आणि पत्र्याच्या छताखाली, पलीकडच्या रिकाम्या कोर्टावरून स्पष्ट ऐकू यायचं, थोडं बसू का. ती वळून बघायची. तिथं नेटसुद्धा बांधलेलं नसायचं. मग ती शिट्टी फुंकायची आणि सगळ्यांना खाली बसवायची.

रोज सातवर शिट्टी. शिवाय दर दोन मिनिटांनी, "कुणाला गरगरतं का? छातीत काही होतं का?" कुणी जरा खोकलं तरी वर्ग सुटलाच म्हणून समजा.

पोरांच्या लक्षात यायला आठवडा पुरला. ऋतिक नावाचा एक आगाऊ पोरगा होता. त्यानं शोध लावला, की आठवी सर्व्हिस काजलताईची असते, म्हणून मॅडम ती कुणाला मारू देत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोरं पलीकडच्या कोर्टावर पाय ठेवेनात. फूल तिकडे गेलं तर तिकडेच राहायचं. वर्ग सुटल्यावर नंदिनी एकटी जाऊन ती उचलायची. एकदा तिकडे सात फुलं गेलेली तिनं मोजली होती, पण सापडली आठ. तिनं परत परत मोजली. कुणीतरी आधी मारून ठेवलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी दिपाली नावाच्या आठवीतल्या मुलीचा नंबर होता. चार सर्व्हिस छान गेल्या. पाचवीला तिचा हात वर गेला आणि ती तशीच, आवाज न करता, खाली बसली आणि आडवी झाली.

नंदिनी शिट्टी हातात धरून उभी राहिली. ती जागची हलली नाही. पोरं ओरडली तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीतून पंचफुला हातातला झारा टाकून धावत आली. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला.

"ताप आहे हिले. ऋतिक, साखरपानी आन. पळ!"

दोन घोट पोटात गेल्यावर दिपालीनं डोळे उघडले. पंचफुलानं तिला विचारलं, "सकाळपासून बरं नोयतं त सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त मॅडमनं क्लास बंद केला असता," दिपाली रडत म्हणाली. "मग सगळे मलेच बोलले असते."

पुंडलिकरावांनी तिच्या घरी फोन लावला. वडील मोटारसायकलवर येऊन तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिला साधा ताप होता. बाकीची मुलं घरी पांगली. पंचफुला मात्र जमिनीवर होती तिथंच बसून राहिली. मांडी अजून तशीच, मधे पोर असल्यासारखी.

"मॅडम," ती म्हणाली, "एक विचारू?"

नंदिनी तिच्यासमोर खाली बसली.

"माह्या काजलनं काही सांगतलं होतं का तुमाले?"

चौकशीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पडली कशी, पाणी दिलं का, गाडी किती वाजता बोलावली, सगळं विचारलं होतं. नंदिनीला वाटलं, आता नाही म्हटलं की आयुष्यभरासाठी नाही.

"हो," ती म्हणाली. "बसू का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, आधी दहा पूर्ण कर."

पंचफुलाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "मंग?"

"मग तिनं आठवी मारली."

पंचफुला उठली. लुगड्याची धूळ झटकली आणि सभागृहातून निघून गेली. खिचडीचं पातेलं तसंच राहिलं. ते शेवटी शिपायानं घासलं.

दोन दिवस ती आली नाही. नंदिनीनं त्या दोन दिवसांत राजीनामा लिहिला, पुंडलिकरावांच्या दारापर्यंत नेला आणि परत आणला. पंचफुलाच्या घरी जावं असं तिला दहा वेळा वाटलं, पण काय तोंडानं जावं हे कळेना. तिसऱ्या दिवशी चार वाजता ती सभागृहात शिरली, तेव्हा दाराशी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर पंचफुला बसली होती.

"पोरांनो, इकडे या," तिनं मुलांना जवळ बोलावलं. "कोनाले गरगरलं, दम लागला, अंगात कनकन वाटली, त मले सांगायचं. मॅडमले नाई, मले. मी बसवीन त्याले, आन क्लास बी बंद होनार नाई. समजलं?"

मुलांनी नंदिनीकडे पाहिलं. नंदिनीनं मान हलवली.

"आन तुमी," पंचफुला तिच्याकडे न बघता म्हणाली, "शिकवा चांगलं. अर्धंमुर्धं नको."

त्या दिवशी ऋतिकची पाळी आली तेव्हा नंदिनीनं शिट्टी खिशात टाकली. सात झाल्या. आठवीला ऋतिक थबकला, दाराकडे बघून म्हणाला, "मावशी, मारू?"

"मार ना. थकला का?"

"नाई."

"मंग मार."

त्यानं मारली. फूल नेटवरून उंच गेलं आणि पलीकडच्या रेषेजवळ पडलं. नंदिनीनं कान देऊन ऐकलं. पलीकडच्या कोर्टावर तो आवाज होताच. तो गेला नाही, नंतरही कधी पूर्ण गेला नाही. पण आता तिनं शिकवणं थांबवलं नाही.

वर्ग सुटल्यावर ती खुर्ची उचलायला गेली, तेव्हा पंचफुला म्हणाली, "माफ केलं असं समजू नका. ते मले जमनार नाई."

"मी मागितलंही नाही."

"पन मी रोज येतो. अन् रोज एक गोष्ट इचारतो. तुमी खरं सांगायचं. शेवटी तिच्याजवळ मी नोयतो, तुमीच होत्या."

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, काजल कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती. नंदिनीनं तिला तिथं नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी, केस बांधलेले होते की सुटले होते. मग पायात काय होतं, घाम आला होता का, कुणाशी हसली-बोलली होती का. काही उत्तरं नंदिनीला आठवत नव्हती. तेव्हा ती तसं सांगायची. पंचफुला मान डोलवायची आणि डबा उचलून घराकडे चालू लागायची.

एक दिवस तिनं विचारलं, "बसू का म्हनली, तवा आवाज कसा होता तिचा?"

नंदिनीनं डोळे मिटले. तो आवाज तिनं हजारदा ऐकला होता, पण कसा होता हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"घाबरलेला नव्हता," ती सावकाश म्हणाली. "लाजल्यासारखा होता. आपल्यामुळं खेळ थांबेल असं वाटल्यासारखा."

पंचफुलानं हातातला डबा खाली ठेवला. "तशीच होती ते," ती म्हणाली. "घरी बी पानी मागाले लाजे."

मग दोघींनी मिळून नेट सोडलं, गुंडाळलं आणि सभागृहाला कुलूप लावलं.