ट्रायल रूममधल्या तिघी

मास्तरांच्या दुकानातली ट्रायल रूम पाच दिवस बंद होती आणि गिऱ्हाइकांनी कुरकुर सुरू केली होती. "आत आहे तरी कोण?" असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "पेशंट आहेत. तीन. पोटाचं ऑपरेशन झालंय." बाईंनी ब्लाऊज घरीच घालून बघायचं ठरवलं.

पेशंट म्हणजे साडेचार महिन्यांची मांजराची तीन पिल्लं, तिन्ही माद्या. मास्तरांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, ती एका बंद गॅरेजमध्ये सापडली होती. तिने त्यांना महिनाभर पोसलं आणि पुढे वर्षातून दोनदा पिल्लांचं लेंढार नको, म्हणून तिघींची एकाच दिवशी नसबंदी करून घेतली. दहाव्या दिवशी टाके निघाले की तिघींना तीन घरं ठरलेली होती. प्रश्न होता तो मधल्या दिवसांचा. ताईच्या घरातल्या दोन थोराड बोक्यांनी दवाखान्याचा वास येताच फिस्कारून घर डोक्यावर घेतलं होतं.

ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण ती निवृत्ती शाळेपुरतीच. धाकटा भाऊ साठीला टेकला तरी तिच्या लेखी तो अजून पाचवीत होता. टपालात टाकायला पाकीट दिलं तरी ती "टाकलंस ना?" म्हणून तीनदा विचारायची. त्यामुळे ती टोपली घेऊन दुकानात आली आणि "या तुझ्याकडे राहू देत" म्हणाली, तेव्हा मास्तरांना काय बोलावं ते सुचेना.

ताईला मात्र सुचत होतं. "उड्या मारू द्यायच्या नाहीत. जखम चाटू द्यायची नाही, ओली होऊ द्यायची नाही. सकाळ-संध्याकाळ बघायची. लाल झाली, सुजली, की लगेच मला फोन. आणि तुझ्या दुकानात दोरेच दोरे. दोरा मांजराच्या पोटात गेला तर आतडी गोळा होतात. एक तुकडा दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी कामात जीव ओतला, यात शंका नाही. ट्रायल रूममधलं स्टूल त्यांनी बाहेर काढलं, कारण स्टूल म्हणजे उडी. फरशी दिवसातून चारदा झाडली आणि वर चुंबकही फिरवला, न जाणो एखादी टाचणी राहिली असेल. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायच्या प्लॅस्टिकच्या भोंग्यात पिल्लं बावचळत होती, ते त्यांना बघवेना. कुणी न नेलेल्या दोन टी-शर्टांच्या बाह्या कापून त्यांनी तिघींना अंगरखे शिवले: पायांना चार भोकं, शेपटीला मोकळीक, पाठीवर बंद. तिघींची मापं वेगवेगळी घेतली. मापं घेताना नावंही पडली. काळी ती बॉबिन, गुबगुबीत ती गुंडी आणि शेपटी मिरवणारी ती झालर. पहिल्या दिवशी भुलीच्या अंमलात तिघी लटपटत फिरल्या आणि आरशातल्या तीन अनोळखी मांजरांवर गुरगुरल्या. दुसऱ्या दिवशी वाटीतलं सगळं संपवून त्यांनी वाटीही उलटी केली. मास्तर बेहद्द खूश झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जखमा बघताना त्यांना ती टोकं खटकली. पोटाच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी जखम, त्यावर तीन टाके, आणि प्रत्येक टाक्याच्या गाठीतून निळ्या दोऱ्याची दोन टोकं मिशांसारखी बाहेर आलेली. चाळीस वर्षांत मास्तरांच्या दुकानातून दोरा लोंबणारा कपडा बाहेर गेला नव्हता. टाका घालायचा, गाठ मारायची, टोक कापायचं. हाताला दुसरं माहीतच नव्हतं. डॉक्टर बाई तरुण आहेत, घाईत राहून गेलं असेल, असा त्यांनी मोठ्या मनाने विचार केला. शिवाय ताईचा हुकूम होताच की एक तुकडा दिसता कामा नये. त्यांनी छोटी कात्री स्पिरिटने पुसली आणि तिन्ही पिल्लांच्या गाठींवरची टोकं अगदी मुळापासून कापून टाकली. पिल्लांना काही कळलंही नाही. काम चोख झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ताई तपासणीला आली. तिने बॉबिनचा अंगरखा वर केला. मधला टाका नाहीसा झाला होता आणि तिथली जखम भाताच्या दाण्याएवढी उघडी पडून ओलसर दिसत होती. मास्तर संतापले. "गाठच कच्ची मारलीय. मी अशी शिलाई केली असती तर लोकांनी दुकानाला कुलूप लावलं असतं. चल, विचारतोच त्यांना."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता; एकट्या बॉबिनला टोपलीत घालून दोघं तिथे गेले. डॉक्टर बाईंनी मास्तरांची तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि दिवा जवळ ओढून बॉबिनचं पोट पाहिलं. "आतले टाके शाबूत आहेत, घाबरू नका. वरचा एक सुटलाय. पण उरलेल्या दोन टाक्यांचीही टोकं गेलीत. मी टोकं मुद्दाम लांब ठेवते. हा दोरा निसरडा असतो, टोक आखूड झालं की गाठ सरकते. हिने चावली असणार. हा अंगरखा मधे काढला होता का?"

उत्तर ताईने दिलं.

"अंगरखा एक क्षणही काढलेला नाही. माझा भाऊ आहे हा, मी खात्रीने सांगते. तुमच्याकडेही कुणी एवढी काळजी घेतली नसती. ही पोरगीच वांड आहे, तिनेच कसंतरी तोंड घातलं असेल."

साठ वर्षं मास्तरांनी या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते ऐकवत नव्हतं.

"होतं असं," डॉक्टर म्हणाल्या. "हिला मी एक टाका घालते आणि भोंगा लावू. बाकीच्या दोघी खातात-पितात ना? मग त्यांना दहाव्या दिवशीच आणा."

सगळं मिटलं होतं. खापर बॉबिनवर फुटलं होतं आणि तिची काही हरकत दिसत नव्हती. मास्तरांना फक्त गप्प बसायचं होतं. पण गुंडी सकाळपासून ट्रायल रूमच्या दाराच्या कडीकडे बघून नेम धरत होती, आणि तिच्या पोटावर तीन गाठी होत्या, तिन्ही बिनटोकाच्या.

"हिने नाही चावली," मास्तर म्हणाले. "मी कापली. तिघींची."

डॉक्टरांनी हातमोजे घालता घालता थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"लोंबत होती," मास्तर म्हणाले. दुसरं कारण म्हणजे ताईचा हुकूम; ते त्यांनी सांगितलं नाही.

"दोघींना आत्ता घेऊन या. चालवत आणू नका, उचलून आणा."

आणल्या. झालरच्या गाठी कशाबशा टिकल्या होत्या. गुंडीची एक गाठ डॉक्टरांनी चिमटा लावताच सुटून आली. आणखी एका उडीत जखम उघडली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. तिघींचे टाके नव्याने घालून भोंगे लावायला सांगताना त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

परतताना टोपली मास्तरांच्या हातात होती. तिच्या घराकडे जायचं वळण आलं तसे मास्तर थांबले आणि त्यांनी टोपली पुढे केली. ताईने ती घेतली नाही.

"माझ्याच्याने झालं नसतं," ती म्हणाली.

"काय?"

"सांगणं. तेही मी एवढी तारीफ केल्यावर. मी गप्प बसले असते आणि परत येऊन त्या दोघींवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला असता." मग जरा थांबून म्हणाली, "शाळेत असताना केलंय मी असं."

काय केलं होतं, ते तिने सांगितलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही. त्यांनी ताईचं असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दोघं दुकानाकडे वळले.

ट्रायल रूममध्ये गुंडी भोंगा घालून घ्यायला तयार होईना. ताई दारात उभी राहिली, हात रिकामे, आणि तिने विचारलं, "मी काय करू?"

हे तिने भावाला कधी विचारलं नव्हतं. मास्तरांनी तिला खाली बसायला जागा करून दिली.

"मागचे पाय धर," ते म्हणाले. "घट्ट नको."

ताईने धरले.